कोर्स करू की नको? आणि तो चावणारा मुलगा

पत्र थोडक्यात, ओळख पटेल असं सगळं काढून:

तालुक्याच्या गावातल्या एका खासगी बालवाडीत या ताई ११ वर्षं शिकवतायत. बारावीनंतर लग्न, मग बाहेरून बीए. छोटा गट, २४ मुलं, मदतीला एक मावशी, पगार साडेसात हजार. संस्थेत नवीन मॅडम आल्यात, त्यांनी सांगितलंय की जूनपर्यंत सगळ्यांचा बालशिक्षणाचा कोर्स निदान सुरू तरी झालेला पाहिजे, नाहीतर "बघू". शहरात एक वर्षाचा कोर्स आहे, शनिवार-रविवार, फी २८ हजार. व्हॉट्सअपवर दुसरा एक आलाय, तीन महिने, सगळं ऑनलाइन, सहा हजारात सर्टिफिकेट घरपोच. मागच्या वर्षी लागलेल्या कोर्सवाल्या मुलीला त्यांच्यापेक्षा दीड हजार जास्त मिळतात, "आणि तिच्या वर्गातली मुलं रडत माझ्याकडे येतात, माझ्या वर्गात मात्र टाचणी पडली तरी आवाज येईल." जाऊबाई म्हणतात पोरं सांभाळायला कसला आलाय कोर्स. मिस्टर म्हणतात तू ठरव. आणि अगदी शेवटी: "वर्गात एक साडेतीन वर्षांचा मुलगा आहे, फारसं बोलत नाही आणि सारखा चावतो, त्याचं काय करावं समजत नाही. पण ते असो. मला एवढंच सांगा, कोर्स करू की नको?"

ताई,

तुम्ही "पण ते असो" लिहिलंत ना, मी तिथेच थांबले. तीन पानी पत्र, त्यात फी आहे, मॅडम आहेत, जाऊबाई आहेत, दीड हजारांचा हिशोब आहे आणि ज्याच्यापायी हे शिकणं-बिकणं करायचं ते पोरगं दोन ओळींत. रागावू नका हं. तुमच्या जागी मी पण असंच लिहिलं असतं, मॅडमनी जून सांगितलाय, त्या पोराने काही सांगितलेलं नाही, त्याला तर बोलताच येत नाहीये.

त्याच्याकडे येतेच मी. पण झोप उडालीय ती कोर्समुळे, तर आधी ते.

ती कोर्सवाली मुलगी. तिच्या वर्गात मुलं रडतात म्हणजे कोर्स फुकट, असं तुम्ही स्पष्ट लिहिलं नाहीये पण म्हणायचं तेच आहे. आता खरं सांगा, तुमच्या पहिल्या वर्षी मुलं रडत नव्हती? माझ्या तर इतकी रडायची की मी दार लावून घ्यायचे, आतून ती रडतायत आणि बाहेरून त्यांच्या आया रडतायत, आणि मला वाटायचं आपलं काम दार धरून ठेवणं हेच आहे. मग आमच्या मावशींनी एका मुलीला तिची चप्पल हातात देऊन बसवलं. चप्पल. तीन दिवस ती मुलगी चप्पल मांडीवर घेऊन बसली, जोवर चप्पल आहे तोवर आपण घरी जाणार हे तिला पटलेलं असणार, चौथ्या दिवशी तिने ती स्वतःच दाराशी नेऊन ठेवली. त्याआधी मी ट्रेनिंग केलेलं होतं, फाईल होती, फाईलीत सुंदर चित्रं डकवलेली होती, त्यात चप्पल कुठेच नव्हती. पण हेही खरं की मावशींनी जे केलं ते का चाललं हे मला पुढे कळलं ते ट्रेनिंगमधल्या वाचनामुळेच, आणि ते कळल्यावर मग पुढच्या वर्षी कुणाला आईची ओढणी, कुणाला रिकामा डबा असं मी आपणहून करायला लागले. म्हणजे दोन्ही लागतं. नुसता कोर्स कच्चा हे तुम्हाला त्या मुलीच्या वर्गात दिसतंय. आपलं कच्चं कुठे आहे ते मात्र स्वतःच्या वर्गात बसून दिसत नाही.

म्हणून आता जरा टोचेल असं विचारते. टाचणी पडली तरी आवाज येईल, हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय. तीन-साडेतीन वर्षांची २४ मुलं एवढी शांत बसून करतात काय? तुम्ही प्रेमळ आहात, दुसऱ्या वर्गातली मुलं तुमच्याकडे पळत येतात यावरूनच कळतं, तेव्हा धाकाने बसत असतील असं मी म्हणत नाही. पण या वयात भाषा बोलूनच वाढते, एकमेकांशी बोलून, भांडून, "माझी गाडी" करून, बाईंना तीच तीच गोष्ट सतरा वेळा सांगून. २०२२ साली पायाभूत स्तराचा जो राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, ३ ते ८ वयाचा, तो सगळा खेळावर आणि बोलण्यावरच उभा आहे. आणि खरं सांगायचं तर आराखडा कशाला हवा, आपल्याकडे आज्या हे जाणूनच होत्या. शांत वर्गात एक गोष्ट हमखास होते, जे मूल बोलत नाही ते लक्षातच येत नाही, सगळीच गप्प असतात ना. तुमचा तो मुलगा लक्षात कधी आला, चावायला लागला तेव्हा. बरोबर? ११ वर्षांच्या बाईला हे कळू नये असं नाही, पण जे आपल्याला छान जमतं तिथे कुणी येऊन "का हो ताई असं करता" विचारतच नाही. चांगला कोर्स असेल तर तिथे असं विचारणारं माणूस भेटतं. मला विचाराल तर कोर्सचा सगळ्यात मोठा उपयोग तोच, थिअरीची पुस्तकं काय घरी पण वाचता येतात.

जाऊबाईंचं. "पोरं सांभाळायला कसला कोर्स." हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं. यातली गंमत अशी की जाऊबाई ज्याला सांभाळणं म्हणतात, शू-शी, हात धुणं, डबा, झोपवणं, या वयात शिक्षणाचा मोठा भाग तोच असतो, पण आपण बायकापण ते कमी लेखतो आणि फळ्याजवळ उभं राहिलं की शिकवलं असं धरतो. आणि ट्रेनिंगला मावशींना कुणीच बोलवत नाही! मुलाची चड्डी बदलताना पाच मिनिटं त्याच्याशी एकटं बोलायला मिळतं ते मावशींना, आणि ट्रेनिंग बाईंना. पाळणाघरात तर सगळंच मावशींवर असतं. संस्थाचालक कुणी हे वाचत असतील तर एवढं करा, पुढच्या वर्कशॉपला त्यांनाही खुर्ची द्या, चहा द्यायला नाही, बसायला.

शिकण्याचं वय गेलं असंही तुमच्या पत्रात मधेच कुठेतरी आहे, "आता या वयात असाइनमेंट कसल्या लिहू". तर एक सांगते. अनुताई वाघ १९४५ साली बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांकडे बोर्डीला गेल्या तेव्हा ३५ वर्षांच्या होत्या, आधी कितीतरी वर्षं शाळेत शिकवलेलं होतं, तरी लहान मुलांचं काम तिथे नव्याने शिकल्या. पुढे कोसबादला, डहाणू तालुक्यात, वारल्यांची मुलं बालवाडीत येईनात तेव्हा ताराबाईंनी आणि त्यांनी बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्दही त्यांच्याच कामातून आला. मॉन्टेसरी पद्धतीचं महागडं साहित्य परवडणारं नव्हतं म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, दगड यांचंच साहित्य केलं. आणि अनुताई बीए झाल्या १९६१ मध्ये, वयाच्या ५१व्या वर्षी. तुम्ही त्यांच्यासारखं काही करा असं मी म्हणत नाहीये, एवढंच की असाइनमेंटला घाबरायचं तर घाबरा, पण वयाचं कारण नको.

आता तुमच्या दोन कोर्सचं.

सहा हजारवाला नको. ऑनलाइन आहे म्हणून नको असं नाही हं, ऑनलाइन वाईटच असतं असं काही नसतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अंगणवाडी सेविकांसाठीच लिहिलंय की बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्यांना सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा डिप्लोमा, तोही टीव्ही चॅनेल, स्मार्टफोनवरून, काम चालू ठेवून. पण त्यातसुद्धा महिन्यातून निदान एकदा प्रत्यक्ष वर्ग धरलाय. तुमच्या त्या तीन महिन्यांच्या कोर्सात एकदाही कुणी तुम्हाला मुलांबरोबर बघणार नाहीये. मग ते सर्टिफिकेट म्हणजे फक्त कागद, आणि कागदच हवा असेल तर आधी मॅडमना विचारा त्यांना तो चालणार आहे का, कारण सहा हजार घालून "हा नाही चालत" ऐकायला लागलं तर त्याहून वाईट काही नाही. (मॉन्टेसरी हे नाव बघूनही भुलू नका कुणी. ते नाव कुणीही पाटीवर लावू शकतं. ज्यांची ती पद्धत त्या मारिया मॉन्टेसरी बाई १९३९ला मद्रासला अड्यारला येऊन शिक्षकांना शिकवत होत्या, त्या आता काही तक्रार करायला येणार नाहीत.)

२८ हजारवाल्याची चौकशी करा, फोनवर नको, एका शनिवारी जाऊन बसा तिथे. विचारायचं ते असं. मुलांच्या वर्गात किती दिवस जायचं, आणि त्या वेळी शिकवणारी बाई मागे बसून बघते का, नंतर त्यावर बोलते का. हे सगळ्यात महत्त्वाचं, बाकी काही नाही विचारलंत तरी चालेल पण हे विचारा. शिकवणाऱ्यांनी स्वतः लहान मुलांचा वर्ग किती वर्षं घेतलाय. मान्यता कुणाची. "सरकारमान्य" एवढं म्हणणं पुरेसं नाही, कुठल्या विद्यापीठाची, कुठल्या बोर्डाची, एनसीटीईची (शिक्षकांच्या कोर्सना मान्यता देणारी केंद्राची संस्था) आहे असं म्हणाले तर आदेशाचा कागद दाखवा म्हणायचं, लाजायचं नाही, २८ हजार म्हणजे तुमचा जवळजवळ चार महिन्यांचा पगार आहे. आणि मागच्या बॅचच्या दोघी-तिघींचे नंबर मागायचे, द्यायला का-कू केलं तर तिथेच कळलं. इग्नू या मुक्त विद्यापीठाचाही बालशिक्षणाचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, बारावीनंतर करता येतो आणि त्यात प्रकल्पाचं काम असतं, फी आणि माध्यम काय ते प्रवेशाआधी विचारून घ्या, मग दोन्ही समोरासमोर ठेवा.

पैशाचं मॅडमशी बोला. कोर्स संस्थेला हवाय ना, मग निम्मी फी संस्थेने द्यावी, किंवा निदान हप्त्याने पगारातून कापून घ्यावी आणि कोर्स झाल्यावर पगार किती वाढणार ते आधी लिहून द्यावं. मागायला काय जातंय. फक्त दोन गोष्टींना हो म्हणू नका. ओरिजिनल सर्टिफिकेटं संस्थेकडे ठेवायची नाहीत, झेरॉक्स द्यायची. आणि फी दिली म्हणून तीन-तीन वर्षं सोडायचं नाही असला बाँड न वाचता सही करायचा नाही. असे फोन मला आठवड्याला येतात म्हणून सांगते, बऱ्याच जणी शिकल्या आणि अडकल्या. आणि हे काही जमलंच नाही, यंदा पैशाची सोयच नसेल तर यंदा नको. कर्ज काढून, सोनं ठेवून हा कोर्स करू नका, पुढच्या जूनला करा. मॅडमचं "बघू" म्हणजे नक्की काय हेही स्पष्ट विचारून घ्या, कारण कित्येकदा आपणच त्या "बघू"चा अर्थ नोकरी गेली असा लावून बसतो.

आता तो मुलगा.

कोर्स झाला काय, लांबला काय, तुमचं शिकणं इथून सुरू होणार आहे असं मला वाटतं. एक शंभर पानी वही घ्या. आठ दिवस मुख्यतः लिहायचं, मोठा उपाय काही करायचा नाही (मुलं चावली जाऊ द्यायची असं नाही हो, अडवायचं अर्थातच). तो चावला की त्याच्या आधी काय चाललं होतं, कुठे, किती वाजता, कुणाला, आणि चावल्यावर काय झालं. तीन-चार ओळी. "अमुक मुलगा त्रास देतो" असं लिहायचं नाही, जे डोळ्याला दिसलं तेच. म्हणजे "साडेअकरा, डबा यायच्या आधी, लाल ट्रक दुसऱ्याने घेतला, हात पुढे केला, तोंडातून 'अं अं' आवाज, चावला, दुसरा रडला, ट्रक याच्याकडे आला." असं दहा-बारा वेळा लिहिलंत की काहीतरी दिसायला लागेल. बहुतेक वेळा असं दिसतं की मागायला शब्द नाही म्हणून दात पुढे येतात, आणि दात पुढे केले की वस्तू मिळते, मग का सोडेल तो. कधी भूक असते, कधी गर्दी, कधी तोच कोपरा तोच मुलगा. तुमच्याकडे काय आहे ते मला इथून सांगता येणार नाही, वही सांगेल.

तोवर चावल्यावर काय करायचं तर आधी ज्याला लागलंय त्याच्याकडे जायचं, मग याच्याकडे, खाली बसून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला, तीन शब्द: "चावायचं नाही. दुखतं." भाषण नको. आणि मग लगेच त्याला काहीतरी द्यायचं ज्याने मागता येईल, हात पुढे करून "दे", एवढीच खूण, दिवसातून वीस वेळा, आणि त्याने हात पुढे केला की शक्य असेल तेव्हा ती वस्तू त्याला खरंच मिळाली पाहिजे, नाहीतर तो म्हणेल दातच बरे. लाल ट्रक दोन आणा, साधी गोष्ट. त्याला उलट चावून दाखवणं, तोंडावर फटका, "चावरा आला चावरा" असं नाव पाडणं, हे गावोगाव चालतं, तुमच्याकडे चालत असेल तर आजच बंद. मावशींनाही सांगा, आणि मावशींनाही वहीत लिहायला सांगा, लिहिता येत नसेल तर त्यांनी सांगायचं तुम्ही लिहायचं.

आणि एक गोष्ट वहीच्याही आधी. साडेतीन वर्षांचं मूल फारसं बोलत नाही तर कान तपासायला हवेत. मागून हाक मारली, टाळी वाजवली की वळतो का, एवढं तुम्ही बघू शकता पण त्यावरून ऐकू येतं असं ठरवायचं नाही, ते तपासणीनेच कळतं. काय आहे ते आपण ठरवायचं नाही. यूट्यूब बघून "ऑटिझम आहे वाटतं" असं त्याच्या आईला चुकूनही बोलू नका, आपण डॉक्टर नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात मुलांच्या वाढीतले उशीरही तपासतात, त्यांची पथकं अंगणवाड्यांमध्ये वर्षातून दोनदा येतात. तुमची बालवाडी खासगी, तुमच्याकडे पथक येणार नाही, पण जवळच्या अंगणवाडीताईंना विचारा ते कधी येणार, किंवा सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारा. तिथून गरज पडली तर जिल्हा रुग्णालयाकडच्या डीईआयसी केंद्रात पाठवतात, लहान मुलांचं बोलणं-ऐकणं-वाढ बघायलाच ते केंद्र असतं. हे महिनोन् महिने ठेवू नका, "मुलगे उशिराच बोलतात" हे ऐकून आपल्याकडे कितीतरी मुलांची दोन-दोन वर्षं वाया जातात.

आईशी बोलताना तक्रार घेऊन जाऊ नका. दाराशी सगळ्यांसमोर "आज परत चावला हो" हे तर नकोच. तिला आत बोलवा, बसवा, आधी त्याचं एखादं चांगलं सांगा, खरं असलेलं, वही लिहिलीत की ते सापडतंच, मग विचारा "घरी काय हवं असलं की तो कसं मागतो?" तिला नक्की माहीत असेल. मग म्हणा की एकदा कान दाखवून घेऊ या. घेऊ या, म्हणजे तुम्हीपण बरोबर आहात असं तिला वाटायला हवं, आणि जमलं तर खरंच बरोबर जा.

आता त्या कोर्सवाल्या मुलीचं. तिला तुमच्या वर्गात वीस मिनिटं येऊन बसू द्या, आणि तुम्ही तिच्या वर्गात बसा, महिन्यातून दोनदा, मावशी तेवढा वेळ सांभाळतील किंवा गोष्टीच्या वेळेला दोन्ही वर्ग एकत्र करा. मार्क द्यायचे नाहीत. "मला अमुक दिसलं" एवढंच सांगायचं. तिला मुलांना शांत कसं करायचं ते तुमच्याकडून मिळेल, तुम्हाला मुलांना बोलतं कसं करायचं ते कदाचित तिच्याकडून मिळेल, आणि तुमच्या वहीतला मुलगा दोघी मिळून बघाल. दीड हजारांचा राग आहे, माहितीये मला, तो बरोबरही आहे, पण पगार तिने ठरवलेला नाही, तो राग मॅडमच्या टेबलावर न्या. दर शनिवारी अर्धा तास तुम्ही दोघी आणि दोन्ही मावशी, चहा आणि एकच मूल, बस. ज्यांच्या गावात कोर्सच नाही त्या सगळ्यांना मी हेच सांगते, चार जणी अंगणवाडीच्या असोत, बालवाडीच्या असोत, एकत्र बसा. फोनवर सरकारचं दीक्षा अॅप आहे शिक्षकांसाठी, फुकट आहे, मराठीतही साहित्य आहे त्यात, पण एकटीने बघायचं नाही, चौघींनी दहा मिनिटं बघून मग "आपल्याकडे हे कसं होईल" यावर वीस मिनिटं बोलायचं.

मॅडमकडे जाल तेव्हा तीच वही घेऊन जा. दोन-तीन आठवडे भरलेली. म्हणा, हे मी करतेय, कोर्स पण करायचाय, हा शहरातला कोर्स मी बघून आले, त्यात एवढं-एवढं आहे, फीचं काय करू या? बहुतेक मॅडम लोकांना असं कुणी बोलायला आलेलं नसतं, सगळ्या एकतर रडत येतात नाहीतर मागून बोलतात. ऐकतीलच अशी खात्री मी देत नाही.

पण त्या शनिवारी शहरात जाऊन तो वर्ग बघून या आधी, आणि त्या मुलाच्या कानाचं त्याच आठवड्यात बघा. काय झालं ते मला लिहा, मुलाचं नाव लिहू नका, बाकी सगळं लिहा, आणि या वेळी तो पहिल्या पानावर येऊ दे.